पुस्तक भेट द्यायचं, तर आधी त्यातलं तीनदा रांधा

गोव्यातल्या साखळीच्या एका बाईंनी विचारलं आहे. त्यांना या वर्षी तीन भेटी द्यायच्या आहेत. भाचीचं डिसेंबरात लग्न आहे, ती पुण्याला जाणार, आणि स्वयंपाक म्हणाल तर कुकर लावता येतो एवढाच. थोरल्या जाऊबाईंची साठी आहे, त्यांच्या हाताच्या चवीचं गावात नाव आहे. तिसरा भाऊ, नुकताच निवृत्त झालेला, यूट्यूब बघून रविवारी ओटा ताब्यात घेतो आणि सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करतो. तिघांनाही पाककृतींचं पुस्तक द्यायचं मनात आहे, प्रत्येकी हजाराच्या आत. शिवाय आपल्या गोव्याच्या रांधपाचं बरं पुस्तक मराठीत कुठलं, असंही त्यांनी विचारलं आहे.

मी फोंड्याला २८ वर्षं स्वयंपाकाचे वर्ग घेते. चार मुलींना घेऊन घरच्या ओट्यावर सुरुवात केली होती. एवढ्या वर्षांत लग्नाला, गृहप्रवेशाला, चवथीच्या वज्यातून (गणेशचतुर्थीला लेकीच्या सासरी जाणाऱ्या भेटींतून) अशी साठेक पुस्तकं तरी दिली असतील. त्यातली लोकांच्या घरी वापरात दिसली ती पंधरा. बाकीची शोकेसमध्ये. एका शिष्येला मी फार हौसेने जाड, गुळगुळीत, पानोपानी फोटो असलेलं महागडं पुस्तक दिलं होतं. दोन वर्षांनी तिच्या बाळाच्या बारशाला गेले तर ते काचेच्या कपाटात, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता, शंखाच्या ताजमहालाशेजारी उभं. चूक तिची नव्हती. मीच ते पुस्तक फोटो बघून घेतलं होतं, त्यातला एक पदार्थसुद्धा करून पाहिला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या पुस्तकातले तीन पदार्थ मी स्वतः केले नाहीत ते मी कुणाला देत नाही. एक रोजचा, साधी आमटी नाही तर भाजी. एक बिघडणारा, म्हणजे चिरोटे, केक, पाकातले लाडू, जिथे माप चुकलं की सगळं वाया जातं. आणि तिसरा असा, जो मला झोपेतही येतो. हा तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तिथे परीक्षा आपली नसते, लेखिकेची असते.

एक उदाहरण सांगते. वर्गातल्या एका मुलीचा एकदा दुपारी फोन आला, "काकी, हुमण कडू झालंय." हुमण म्हणजे आपली माशांची आमटी. ताजे बांगडे, खोबरं नवं, चिंच बरोबर, सगळं नीट होतं. म्हटलं पुस्तक वाचून दाखव. साहित्यात लिहिलं होतं: खोबरं, सुक्या मिरच्या, धने, हळद, चिंच, आठ तिरफळं. कृतीत पहिलंच वाक्य: सर्व मसाला बारीक वाटून घ्यावा. तिने वाटला, बियांसकट, मिक्सरला. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, साल फक्त ठेचायची आणि बांगडे घालताना वरून सोडायची. वाटलं तर त्याचा वास सगळ्यावर चढतो आणि जीभ बधिर होते. हे आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं, आणि ज्याने पुस्तक लिहिलं त्याला ठाऊक नव्हतं, किंवा त्याने ते कधी रांधलंच नव्हतं. पुस्तकाचं नाव सांगत नाही. पण तुम्ही दुकानात उभ्या असाल तर एवढं करा: जो पदार्थ तुम्हाला पाठ आहे तोच उघडा आणि कृती सावकाश वाचा. त्यात एखादी तरी गोष्ट अशी हवी, जी फक्त हात भाजलेल्या माणसालाच सुचेल. "नारळाचा रस घातल्यावर उकळी फुटू देऊ नये," "कांदा गुलाबीच ठेवा, लाल झाला तर गोडसर होतो," असं काहीतरी. ते नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

आता भाचीचं बघू.

जिला काहीच येत नाही तिला मराठीत माझं पहिलं नाव अजूनही कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. १९७० साली किर्लोस्करांनी काढलेलं हे पुस्तक आहे. त्याआधीच्या घरगुती वह्यांत आणि बऱ्याच पुस्तकांत "मीठ बेताचं", "मोहन पुरेसं" अशी भाषा असायची. ज्याला येतं त्यालाच कळावं अशी. ओगल्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरून सगळं सांगितलं, त्यामुळे आई जवळ नसलेल्या मुलीला आधार मिळाला. बोलणं मोजकं, पाल्हाळ नाही. मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा' हा दुसरा चांगला पर्याय. माझ्या अनुभवात ज्या मुलींना थोडं येतं त्या अन्नपूर्णेकडे वळतात आणि ज्यांना काहीच येत नाही त्या रुचिराला धरून राहतात. दोन्ही एकदम देऊ नका. दोन पुस्तकं दिली की मुलगी तुलना करत बसते आणि शेवटी यूट्यूब लावते.

पण वाटी म्हणजे कोणती वाटी? ही अडचण मला वर्गात दर बॅचला येते. एकदा मुलींसमोर माझ्याच घरातल्या तीन वाट्या घेतल्या: आमटीची, नैवेद्याची आणि सासूबाईंची जुनी जाड बुडाची. तिन्ही काठोकाठ पाण्याने भरून मेजरिंग जगात ओतल्या. एकीत ११० मिली, दुसरीत १५०, तिसरीत १९०. एक वाटी रवा आणि दोन वाट्या पाणी असं प्रमाण असेल तर काही बिघडत नाही, वाटी तीच असली म्हणजे झालं. पण "एक वाटी बेसन, पाव चमचा सोडा" असं आलं की तीन वाट्यांचे तीन वेगळे ढोकळे होतात. बाजारात मेजरिंग कपांचा संच घ्याल तर त्यातला कप २४० मिलीचा, म्हणजे तो कुठल्याच वाटीशी जुळत नाही. चमच्यांचंही तसंच. मोठा १५ मिली, लहान ५, पण घरातला पोह्यांचा चमचा या दोघांच्या मध्येच कुठेतरी.

म्हणून मी पुस्तकासोबत वाटी देते. खरंच. स्टीलची एक साधी वाटी, पुस्तकातले दोन-तीन पदार्थ तिनेच मोजून करून बघितलेले आणि जमलेले. भांड्याच्या दुकानात वाटीवर नाव घालून मिळतं, "चि. सौ. कां. अमुक हिस, मावशीकडून" असं घालून घ्या, तारीखही घाला. शंभर-दीडशेत काम होतं. ही भेट मी आतापर्यंत चौघींना दिली, आणि चौघींच्याही घरी ती वाटी डब्यात किंवा ओट्यावर दिसते. पुस्तक कपाटात गेलं तरी वाटी जात नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तकात पेन्सिलने लिहा. नवं कोरं द्यायचं म्हणून जपू नका. मराठी पुस्तकं बहुतेक देशावरची किंवा मुंबईची, आपल्या घरातली चव त्यांच्यात अर्धीच येते. माझ्या टिपा काय असतात ते सांगते म्हणजे अंदाज येईल. पुस्तकात सुरमई म्हटलं असेल तिथे "इसवण", कोलंबी तिथे "सुंगटं", शिंपल्या तिथे "तिसऱ्या". पुण्याच्या मासळी बाजारात उभी राहिली की तिला ही दोन्ही नावं लागणार. भाताच्या पानावर मी हमखास लिहिते: "हे माप सुरय (साध्या पांढऱ्या) तांदळाचं. उकडे तांदूळ असतील तर भरपूर पाण्यात शिजव, निवळ काढ." गोव्यातली मुलगी घरून पाच किलो उकडे तांदूळ घेऊन जाते, एकास दोन पाणी घालते आणि कचकचीत भात खाऊन रडते. आमसुलाच्या जागी "भिंडाची सोलं, मेमध्ये आईकडून मागून घेणे." व्हिनेगर आलं तर "आपला माडाचा शिरको असेल तर हे प्रमाण, बाटलीतला असेल तर निम्मा." मिरच्यांच्या बाबतीत तर लिहाच. खोल्याची किंवा हरमलची मिरची हाताशी असेल आणि पुस्तक बेडगीच्या मापाने बोलत असेल, तर पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या डोळ्यात पाणी. दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पुण्यात त्या मिळणार नाहीत, तेव्हा बेडगी कशी आणि किती हेही उलट बाजूने लिहून द्यावं लागतं.

गोव्याच्या रांधपाचं मराठी पुस्तक. खरं सांगायचं तर माझ्या कपाटात मराठीतल्या आहेत त्या बहुतेक पातळ पुस्तिका. महिला मंडळांच्या, देवस्थानांच्या स्मरणिकांना जोडलेल्या, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून कापून शिवलेल्या. त्यातलं खतखतं (मिश्र भाज्यांचं) आणि मुगागाठी (मोडाच्या मुगांची) उत्तम असतात, पण भेट म्हणून देण्याजोगं पुस्तक नव्हे ते. जवळची चव हवी असेल तर सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' बघा. मुळात मराठीतली, आता इंग्रजीतही आहे. ती चित्रापूर सारस्वतांची, कारवारपलीकडची, तरी नारळ, तिरफळ, हळदीचं पान ही आपलीच मंडळी. त्यात सणवार आणि घरगुती औषधंही आहेत, त्यामुळे सासूबाईसुद्धा चाळतात.

इंग्रजी चालत असेल तर दोन नावं. फातिमा दा सिल्वा ग्रासियस या इतिहासकार बाईंचं 'कुझिन्या द गोवा' हे रांधण्यापेक्षा वाचण्याचं: पोर्तुगीज आले तेव्हा काय काय आलं, आपण काय धरलं, काय सोडलं. मिरची, बटाटा, काजू, पपई, अननस ही सगळी परदेशी पाहुणी आहेत हे ज्याला माहीत नाही त्याला तर नक्कीच द्या. आणि मारिया तेरेझा मेनेझिस यांचं 'द इसेन्शियल गोवा कुकबुक'. शागोती, सोरपोतेल, बेबिंका असं ज्यांच्या शेजारी नाताळात ताट येतं आणि नंतर वर्षभर आठवत राहतं, त्यांनी घ्यावं. हिंदू घरात जन्मलेल्या माझ्यासारखीला विंदालूचा शिरको आणि लसणीचा हिशेब अशा पुस्तकांनीच शिकवला. मूळ शब्दच "विन्यो" आणि "आल्यो", वाईन आणि लसूण. बटाट्याशी काही संबंध नाही, कितीही हॉटेलवाल्यांनी "आलू" समजून त्यात बटाटे घातले तरी.

पण भाचीसाठी सगळ्यांत चांगली भेट छापलेली नाही, आणि हे मी थोडं लांबवून सांगणार आहे.

माझ्या सासूबाईंची एक वही होती. शंभर पानी, शाळेची, मागच्या पानावर पाढे छापलेले. त्यातली सांबाऱ्याची कृती अशी: "दोन पैशांची हळद, चार आण्यांच्या मिरच्या, मूठभर धने, नारळ एक बरा." दोन पैशांची हळद म्हणजे किती हे मला कोण सांगणार? ज्या दुकानदाराने ती पुडी बांधली तो गेला, दुकान गेलं, पैसाही गेला. मी आठ-दहा वेळा करून बघितलं तेव्हा जमलं. नवीन मुलीला असं आठ-दहा वेळा कोण करू देणार?

तेव्हा घरातल्या पंधरा पदार्थांची वही करा, पण बायकांना "किती घालता?" असं विचारू नका. त्या म्हणणार "अंदाजाने गो". त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच माहीत नसतं, हाताला माहीत असतं. माझी युक्ती अशी: पाचशे-सहाशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. जी रांधणार तिच्या मागे उभ्या राहा आणि काही बोलू नका. रांधायच्या आधी मिठाचा डबा, तिखटाचा डबा, हळदीचा डबा, तेलाची बरणी यांची वजनं लिहून ठेवा. रांधून झालं की परत वजन करा. वजाबाकी म्हणजे तिचा अंदाज. माझ्या आईच्या तोणकाला (वाटप घातलेल्या रसभाजीला) मिठाचा डबा ६४० ग्रॅमवरून ६२८वर आला. म्हणजे १२ ग्रॅम. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती "चिमूटभर". अशी चिमूट माझ्या बोटांत बसतच नाही.

नारळाचं वेगळं. नारळ वजनाने सांगू नका, खवून झाल्यावरच्या वाटीने सांगा, आणि रस असेल तर पहिला रस किती, दुसरा किती, पाणी किती घातलं हेही. पहिल्या रसाचं पाणी कोमट होतं की गार, तेही. पुण्यातल्या मुलीला मिक्सर आहे, रगडा नाही, हे धरूनच लिहा. पाट्यावर वाटलेल्या वाटपाला पाणी कमी लागतं, मिक्सरला जास्त, आणि त्याने रस पातळ होतो, मग ती म्हणते आईच्या हाताची चव येत नाही. चव तीच आहे बाळे, पाणी जास्त आहे.

पंधरा पदार्थ कुठले? हुमण, एक सुकं, तिसऱ्यांचं तोणाक, सोलकढी, किसमूर, तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, खतखतं, आंबाड्याचं सासव, शागोती, पातोळ्या, नेवऱ्या, मणगणं, आणि आजारी पडल्यावरची पेज. पेज लिहायला विसरू नका. परगावी पहिला ताप येतो तेव्हा मुलीला आईची पेज हवी असते, आणि ती एकच गोष्ट कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेली नसते, कारण सगळ्यांना वाटतं ती येतेच.

जाऊबाईंना पाककृतींचं पुस्तक देऊ नका. साठ वर्षांच्या सुगरणीला कृतींचं पुस्तक दिलं तर ती हसून घेईल आणि मनात म्हणेल, मला शिकवायला निघाली. अशा बाईला खाण्याविषयीचं पुस्तक द्यावं. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' हे माझं आवडतं. विदुषी असून चुलीपाशी बसून गप्पा मारल्यासारखं लिहितात. आणि जाऊबाई मोकळ्या मनाच्या असतील तर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म', २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात आहे, कृतींसकट. आपण देवळातल्या महाप्रसादाची आणि केळीच्या पानाच्या डाव्या-उजव्या बाजूची एवढी चर्चा करतो, आणि ते पुस्तक वाचून मला कळलं की मराठी स्वयंपाकाची पुस्तकं किती घरांत शिरलीच नव्हती. मी वाचून दोन दिवस गप्प होते. वाढदिवसाला गप्प करणारं पुस्तक द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, तुमच्या जाऊबाईंना तुम्ही ओळखता.

भावाला 'मसाला लॅब'. कृश अशोक यांचं, २०२०चं, इंग्रजीत. पुरुष निवृत्त होऊन स्वयंपाकघरात शिरतात तेव्हा त्यांना कृती नको असते, कारण हवं असतं. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं म्हणून. कांदा परतताना चिमूट सोडा घातला तर लवकर का लाल होतो? असली उत्तरं त्यात आहेत, आणि आपल्याच मसाल्यांच्या उदाहरणांनी. एक इशारा: पुस्तक दिल्यावर महिनाभर तरी तो वहिनीच्या फोडणीत दोष काढणार. वहिनीला आधी कल्पना देऊन ठेवा. पाव भाजण्याचं पुस्तक मात्र त्याला देऊ नका, कितीही मागितलं तरी. सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत दारात येतो त्या गावात घरी पाव करणं म्हणजे नदीकाठी विहीर.

आता कागदाचं, थोडक्यात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि ओटा कायम दमट. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं की फोटोसकट फाटतात. साधा, खरखरीत कागद आणि शिवलेली बांधणी घ्या. नुसतं डिंकाने चिकटवलेलं पुस्तक कुकरच्या वाफेजवळ दोन पावसाळे टिकत नाही. दुकानात पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवून बघा, हात सोडल्यावर आपोआप मिटलं तर ते स्वयंपाकघराचं नाही. पिठाच्या हातांनी पान कोण धरून ठेवणार? वर प्लास्टिकचं कव्हर घाला आणि कसर लागू नये म्हणून आत वेखंडाचा तुकडा ठेवा, आमची आजी पोथ्यांत ठेवायची तसा.

हिशेब सांगते. रुचिरा, नाव घातलेली वाटी आणि वही मिळून हजारात बसतं. काटा तुमचा तुमच्याकडेच राहू दे, पुढच्या भाचीलाही लागेल. डिसेंबरात लग्न आहे म्हणता, तर वहीला चवथीपासूनच सुरुवात करा, म्हणजे नेवऱ्या आणि पातोळ्या करतानाच वजनं घेता येतील. पातोळ्यांना हळदीची पानं तेव्हाच ताजी मिळतात. शागोती राहिली तर दिवाळीनंतर. आणि आंबाडे मिळतील तितक्यात सासव करून घ्या, नाहीतर ते पान कोरंच द्यावं लागेल.